गंगूमावशी आणि लिथियम कार्बोनेट

बदलापूर,
जानेवारी १९८८

प्रिय वेणूताई,

तुला भागीचा सप्रेम जय भीम, आणि ह्यांचाही. (ह्यांनी तो तोंडी दिला आहे. ते आत्ता गच्चीत माझ्या पापडांना चिमण्यांपासून राखत बसले आहेत, आणि मला दिसतंय त्यावरून चिमण्या कमी खातायत आणि हे जास्त.) तुझं कसं आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना, की अजून आठवण झाली की घ्यायची हाच नियम? नाशिकला यंदा थंडी फार आहे असं पेपरात वाचलं आणि बोर्डिंगातली तुझी ती जांभळी शाल आठवली, जिच्याखाली आपण दोघी सिस्टर अगाथाची नजर चुकवून शेंगदाणे खायचो. टरफलं तुझ्या बाजूला सापडायची आणि कान माझा पिळला जायचा. शाल अजून आहे का? नसली तर कळवू नकोस, आहे असंच मी समजून चालते.

इकडे सर्व क्षेम. एवढं लिहिलं की पत्राचा रिवाज पुरा होतो, तेव्हा आता खरं लिहायला हरकत नाही. ताई, मी केमिस्ट्री शिकवते आहे. हसून झालं की पुढे वाच.

मला कल्पना आहे, ज्या मुलीला तू बोर्डिंगात 'पाणी कशाचं बनतं' असं विचारलं होतंस आणि जिनं 'नळाचं' म्हणून सांगितलं होतं, तिच्या हाती कुणी खडू देऊन तिला केमिस्ट्रीच्या वर्गावर सोडलं असेल यावर तुझा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही. झालं असं, की आमच्या शाळेला परवा परवा अकरावी-बारावीचा सायन्सचा वर्ग जोडला. इमारतीवर एक मजला चढवला, त्यात एक नळ घेतला, नळाखाली एक टेबल ठेवलं, आणि दारावर 'प्रयोगशाळा' अशी पाटी लावली. केमिस्ट्रीला एक तरुण मास्तर होते. चांगला मुलगा, पण अंबरनाथच्या एका कारखान्याला केमिस्ट हवा होता, आणि एका सकाळी तो आमच्याऐवजी तिकडे हजर झाला. आमचे हेडमास्तर कोंडाजी सर (स्वतः भूमितीचे, कुठल्याही संकटात आधी आकृती काढतात) मला, इंग्रजीच्या बाईला, ऑफिसात बोलावून म्हणाले, "बाई, अकरावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक इंग्रजीत आहे."

मी म्हटलं, "असेल."

"तुम्ही कॉन्व्हेंटच्या."

मी म्हटलं, "हो."

"मग?" असं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, सर, इंग्रजी मला येतं, पण आतलं येत नाही. तर म्हणाले, "वाचता येतंय ना? आमच्या बाकी स्टाफला तेही होत नाही." आणि सिस्टर अगाथा आपल्याला काय शिकवायची ते तुला आठवतंच. मुलीनं कधी 'मला येत नाही' म्हणायचं नाही, 'चला, बघू या' म्हणायचं. (ती स्वतः स्वयंपाकघरात शिरून 'चला, बघू या' म्हणाली त्या दिवशी साऱ्या बोर्डिंगाला कच्ची डाळ जेवावी लागली, ते तिनं कधी शिकवण्यात धरलं नाही.)

तू म्हणशील, नाही म्हणायचं होतंस. म्हटलंही असतं. पण ताई, वर्गाला मान्यता तात्पुरती आहे. मान्यतेची तपासणी जानेवारीत व्हायची होती, आणि केमिस्ट्री शिकवली जात नाही असं दिसलं असतं तर सायन्सचा वर्ग तिथल्या तिथे बंद. मुलांचं काही अडलं नसतं. ती गाडीला लोंबकळून उल्हासनगर, कल्याण कुठेही जातात. अडणार होतं मुलींचं. सोनिवलीची बकुळा म्हणून एक मुलगी आहे वर्गात. बारीक, सावळी, केसांना लावलेलं तेल कपाळावर उतरलेलं, आणि प्रश्न असे विचारते की मला फळा पुसायचं निमित्त काढावं लागतं. तिला डॉक्टरबिक्टर व्हायचं नाही. तिला ह्या अंबरनाथच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून जे निघतं ते नक्की काय असतं, एवढं शोधून काढायचं आहे. तिचे वडील धोंडिबा भातशेती करतात. वर्ग बंद पडणार अशी कुजबुज ऐकून ते शाळेत आले आणि मला सरळ म्हणाले, "बाय, पोरीला गाडीनं नाय धाडायची. हतं शाला हाय तवर शिकल. शाला मिटली का घरा बसल." त्यांनी हे रागानं नाही सांगितलं. वैशाखात विहीर आटते हे जसं सांगावं तसं सांगितलं. बकुळा शेजारी उभी राहून जमिनीकडे बघत होती. मग मी त्या पुस्तकाला कव्हर घातलं.

पहिले धडे कसे पार पडले ते विचारू नकोस. मी मोठ्यानं वाचायची, मुलं लिहून घ्यायची, आणि तास संपला की आम्ही सगळे एकमेकांचे आभार मानायचो. पण मग आला तो धडा. अल्कली धातू. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम, अशी एकाखाली एक उभी पाच भावंडं. (सहावं एक आहे, पण ते कुणाला फारसं दिसत नाही. प्रत्येक घरात असं एक असतं.) पुस्तकात लिहिलं होतं की वरून खाली यावं तसे ह्यांचे कार्बोनेट अधिकाधिक टिकाऊ होत जातात. सोडियमपासून सीझियमपर्यंतचे जाळावर ठेवले तरी सहजासहजी मोडत नाहीत, एकट्या लिथियमचं मात्र भरपूर तापवलं की मोडतं. का, तर लिथियमचा आयन फार लहान आहे. मी हे रात्री ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "लहान आहे म्हणून मोडतं? मग मोठा झाल्यावर शिकव." आणि कूस बदलून झोपले.

मला झोप लागेना. आता पुढचं वाचण्याआधी, ताई, जरा पाणी पी, आणि आपलं नातं आठव. कारण त्या रात्री मला तुझी आई आठवली.

आपली गंगूमावशी! इगतपुरीच्या रेल्वे चाळीतली ती खोली, आणि दारात उभी तुझी आई, माझ्या तेव्हाच्या खांद्याएवढी, पण अंगात ताकद कशी ठासून भरलेली. पाहुणा आला की ती त्याचं मनगट धरायची. "राहा रे! बस रे! खा रे! जातोस कुठे?" ओढ अशी जबर की भला दांडगा माणूस एका बाजूला कलायचा. पाहुण्याकडे छत्री, पिशवी, कंदील असं तीन डाग सामान असायचं. थंडीच्या दिवसांत तो तिची ओढ कशीबशी सोसायचा. पण मे महिन्याची तलखी सुरू झाली, पत्रे तापले, की एका दुपारी तिचा डोळा लागल्याची संधी साधून पाहुणा मागच्या दारानं पसार. जाताना तीन डागांतले दोन उचलायचा, एक तिच्या मुठीत राहायचा. तिच्या पलंगाखाली किती छत्र्या होत्या आठवतं? ताई, हेच ते! कार्बोनेट म्हणजे तीन ऑक्सिजन घेऊन आलेला, ऐसपैस पसरलेला पाहुणा. सारा भार एवढ्याशा देहात कोंबलेला असल्यामुळे लिथियम त्याला असं काही ओढतं की तो वाकडा होतो, आणि चांगलं तापलं की एक ऑक्सिजन लिथियमकडे टाकून, दोन घेऊन, कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत पळतो. छत्री लिथियमकडे.

आणि चाळीच्या दुसऱ्या टोकाला सुंदराकाकू. आठवते ना? खाटेवर बसली की खाट दिसायची नाही. ती कुणाचं मनगट धरत नसे, कुणाला आग्रह करत नसे. पाहुणा आला तर म्हणायची, "आलास? बरं." तो जेवला तर जेवला, झोपला तर झोपला. तिच्याकडे पाहुणे होळीला येत आणि दिवाळीला जात, आणि जाताना सगळं सामान घेऊन जात. ती सीझियम. भार तेवढाच, पण एवढ्या मोठ्या देहावर पसरलेला, म्हणून कुणाला ओढ जाणवत नाही, कुणी वाकडं होत नाही, कितीही तापवा. पोटॅशियमपासून खालच्या घरांत तर सुपरऑक्साइड नावाचे आडदांड पाहुणेही सुखानं नांदतात. लिथियमच्या दारात त्यांना उभंही राहवत नाही.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. (तुझ्या आईचं नाव घेऊन. तुला आधी विचारायला हवं होतं, पण तास पहिला होता.) ताई, काय सांगू तुला, मागच्या बाकावर जे कायमचे झोपलेले असतात ते जागे झाले. प्रत्येकाच्या घरात एक गंगूमावशी निघाली. उल्हासनगरहून येणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, माझी आजी! अपने घर में तो मेहमान टिकताच नाही!" मग बकुळानं हात वर केला. "बाई, पण पुस्तकात पुढं लिहिलंय की लिथियम फ्लोराइड सगळ्यांत टिकाऊ. खाली जाल तसे फ्लोराइड कमी टिकाऊ. मग गंगूमावशीकडं हा कसा काय राहिला?"

मी फळा पुसला. सगळा पुसला, कडा पुसल्या, लाकूडही पुसलं. आणि पुसता पुसता मला तुझे वडील आठवले. ताई, आपले काका! काका मावशीहून बोटभर उंच असतील नसतील. घड्याळ दुरुस्त करत कोपऱ्यात बसायचे, आणि येणाऱ्या जाणाऱ्याच्या ताटातली भजी उचलायचे. मावशी त्यांना ओढायची तशी ती कुणालाच ओढत नसेल, पण त्यांच्याजवळ वाकडं व्हायला पसारा होताच कुठे? दोघं इतकी लहान, इतकी जवळ, की मध्ये वाराही शिरत नसे. सारा जन्म त्या एका खोलीत, तापलेल्या पत्र्याखाली, आणि कधी हलली नाहीत. मी वर्गाला हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते घड्याळांचं टेबल आलं, तेव्हा मी पदरानं डोळे पुसले. मुलांना वाटलं खडूची धूळ गेली. चाचणी परीक्षेत साऱ्या वर्गानं लिहिलं की लिथियम कार्बोनेट इज लेस स्टेबल बिकॉज गंगूमावशी इज व्हेरी स्मॉल. मी पूर्ण गुण दिले. कोंडाजी सरांनी पेपर पाहिले आणि विचारलं, हा शास्त्रज्ञ जर्मन का?

आता तपासणी जवळ आली. सरांनी फर्मान काढलं की साहेबांसमोर एक प्रयोग झालाच पाहिजे, आणि तोही असा की काहीतरी दिसलं पाहिजे. मी ठरवलं, दोन नळ्या घ्यायच्या. एकीत लिथियम कार्बोनेट, एकीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. दोन्ही तापवायच्या, निघेल तो वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा. लिथियमची निवळी दुधाळ होईल, सोडियमची स्वच्छ राहील. पण लिथियम कार्बोनेट आणायचं कुठून? हे म्हणाले, उल्हासनगरला सगळं मिळतं. ह्यांचं हे सगळ्याच बाबतीत मत आहे. मी शेअर रिक्षात बसून तिथल्या कॅम्प तीनच्या बाजारात गेले (माझ्या मांडीवर शेवटपर्यंत कुणाच्या तरी जीन्सचा गठ्ठा होता, कुणाच्या ते उतरेपर्यंत कळलं नाही) आणि एका सिंधी औषधवाल्याच्या दुकानात विचारलं, "भाईसाब, लिथियम कार्बोनेट है?"

त्यानं वजनकाटा थांबवावा तसा हात थांबवला. "किसके लिए चाहिए, दीदी?"

"मेरे लिए ही. मतलब, क्लास के लिए."

"पूरी क्लास के लिए?"

"हां. और एक इन्स्पेक्टर साहब भी आनेवाले हैं."

त्यानं गल्ला सोडून बाहेर येऊन मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि फार मायेनं विचारलं, "दीदी, घर में कोई है? साथ में कौन आया है?" तेव्हा मला कळलं की आपल्या जगात लिथियम कार्बोनेट गोळीच्या रूपात मिळतं, आणि ते ज्यांचं मन ठिकाणावर नसतं त्यांना देतात. मी समजावून सांगायला गेले की मला फक्त ते जाळून बघायचं आहे, तर तो आणखीच हळवा झाला. शेवटी त्यानं आपला माणूस देऊन मला रिक्षात बसवलं. त्या रिक्षात नेमक्या आमच्या आळीतल्या गोजरबाई निघाल्या. मी घरी पोहोचायच्या आधी बदलापुरात बातमी पोहोचली होती. संध्याकाळी दोघं-तिघं ह्यांना येऊन भेटून गेले, 'हल्ली उपचार चांगले निघालेत' म्हणाले. हे म्हणाले, "मी लग्न झाल्यापासून वाट बघतोय."

लिथियम शेवटी मिळालं ते त्या पळालेल्या केमिस्टकडून. मी अंबरनाथला त्याच्या घरी जाऊन उभी राहिले. त्यानं दुसऱ्या दिवशी एका लोणच्याच्या बरणीत आणून दिलं, आणि म्हणाला, "बाई, अजून काही लागलं तर सांगा, पण असं दारात येऊन बघत उभ्या राहू नका."

तपासणीचा दिवस. साहेब आले. उंच, गंभीर, कोटाच्या खिशाला पेन. सरांनी दारातच त्यांना बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं, साहेबांनी मान हलवली. मी स्पिरिटचे दिवे लावले. लिथियमची नळी तापवू लागले. तापवते, तापवते. हवेचे चार बुडबुडे आले आणि संपले. निवळी स्वच्छ! दुसरीकडे सोडियम, ज्यानं शहाण्यासारखं गप्प बसायचं, ते तापायच्या आधीच असं बुडबुडायला लागलं की निवळी पांढरी फटक, जणू आत कुणी ताक घातलं. लिथियम शांत, सोडियम उधळलेलं. गंगूमावशीकडचा पाहुणा घोरतोय आणि दुसऱ्यांकडचे पळतायत! मी शिपाई हिरामणकडे बघितलं. सोडा त्यानं आणला होता.

"हिरामण, कुठला सोडा आणलास?"

"खाण्याचा, बाई."

"मी धुण्याचा सांगितला होता ना?"

हिरामणनं अत्यंत दुखावलेल्या आवाजात, पण साहेबांना ऐकू जाईल इतक्या हळू, सांगितलं, "बाई, एवढे मोठे साहेब आले, त्यांच्यापुढं धुण्याचा सोडा मांडायचा? बरं दिसतं का ते? म्हणून चांगला घेतला. खाण्याचा. नवं पाकीट फोडून."

कोंडाजी सर खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी पेन काढलं. ताई, मला त्या क्षणी काही दिसत नव्हतं, फक्त ते पेन आणि बकुळाचा चेहरा. मी म्हणणार होते, साहेब, चूक माझी, मी इंग्रजीची आहे, वर्ग बंद करू नका. तेवढ्यात ती उभी राहिली.

"बाई, दिवा काढू नका. सर, तो खाण्याचा सोडा हाये, म्हणजे बायकार्बोनेट. तो थोड्या जाळानं बी मोडतो. त्याचं पळणं संपलं की मागं राहील ते कार्बोनेट, धुण्याचा सोडा. तो मग हलायचा नाही. थांबून बघा."

आम्ही थांबलो. सारा वर्ग माना लांब करून बुडबुडे बघत होता. मग बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. बकुळानं स्वतः पुढे येऊन निवळीचा नवा पेला ठेवला आणि दिवा नळीखाली आणखी सरकवला. निवळी स्वच्छच राहिली.

साहेब म्हणाले, "बरं. आणि लिथियमचं का मोडलं नाही?"

"सर, एवढ्याशा दिव्यानं गंगूमावशीला काय होतंय? त्यांना भट्टी पाहिजे."

"गंगूमावशी कोण?"

सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "बाईंची मावशी, सर!"

कोंडाजी सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेन टोपणात घातलं, खुर्ची ओढली, आणि बकुळाला एकामागून एक विचारत सुटले. कार्बोनेट झाले, पेरॉक्साइड झाले, सुंदराकाकू झाली. शेवटी जरा खवचटपणे म्हणाले, "मग तुझ्या ह्या मावशीकडे फ्लोराइड कसं टिकतं?"

"सर, काका पण बारीक होते."

साहेब हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि विचारलं, "बारावीनंतर काय करणार तू?"

बकुळा म्हणाली, "ते तुमच्यावर हाय, सर."

ताई, मान्यता मिळाली. एका अटीवर, पण अट किरकोळ आहे. साहेबांनी जाताना मला नमस्कार केला आणि म्हणाले, मावशींना माझा नमस्कार सांगा. त्या आता नाहीत हे सांगायचं मला जिवावर आलं, म्हणून सांगते म्हटलं. तो नमस्कार तुला कळवते. हिरामणनं उरलेल्या सोड्याची भजी करून स्टाफला घातली.

आता तू रागावली असशील तर रागाव, की तुझ्या आईवडिलांना मी फळ्यावर मांडलं. पण खरं सांगू, त्या दोघांची इतकी आठवण मी इतक्या वर्षांत काढली नव्हती. बाकी काही नाही. मी तुझ्याकडे काहीही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू सारा जन्म शिकवलंस, आता विश्रांती घे, गोळ्या घे, खुशाली कळव. घाई नाही.

तुझी,
भागी

ता.क. अट किरकोळ आहे असं वर लिहिलं. ती अशी, की सायन्सच्या वर्गावर नेमलेल्या एम.एस्सी. बाई महिनाअखेरीला साहेब परत येतील तेव्हा वर्गात उभ्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद. तू विचारशील, अशा बाई नेमल्या आहेत का? हो. तू.

ता.क. दुसरं. मी सरांना फक्त एवढंच म्हटलं होतं की माझी मावसबहीण केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे आणि नुकतीच निवृत्त झाली. दारातच साहेबांच्या कानात त्यांनी जे सांगितलं ते, की बाई नेमल्या आहेत पण नाशिकला काविळीनं पडून आहेत, तोवर ह्या इंग्रजीच्या बाई वर्ग राखतायत. तेव्हा येशील तेव्हा जरा थकलेली दिस. कुणी उसाचा रस आणून दिला तर नको म्हणू नकोस, सगळी शाळा आणणार आहे. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. हे खोलीत पापड वाळवणार नाहीत असं त्यांनी कबूल केलं आहे.

ता.क. तिसरं. सगळं तू शिकव. पण तो एक धडा माझा. तू शिकवलास तर बरोबर शिकवशील हे मला माहीत आहे, पण आकडे सांगशील. त्या तासाला तू स्टाफरूममध्ये बसत जा. दाराबाहेर उभी राहून ऐकलंस तर मी बघितलं नाही असं करीन.

ता.क. शेवटचं. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्यासमोर पांढरी टोपी घालून, तांदळाची पिशवी पायाशी ठेवून जो गृहस्थ खुर्चीच्या अगदी कडेला बसला आहे, तो धोंडिबा. बकुळाचा बाप. पोरीला उल्हासनगरच्या गाडीत बसवायला जो तयार नाही, तो तुला आणायला आयुष्यात पहिल्यांदा कल्याणच्या पुढे गेला आहे. तो काही बोलणार नाही. एकदा शाळेत दाखला मागायला आला तेव्हा सर जेवायला गेले होते. सर जेवले, झोपले, उठले, परत आले, तरी हा पायरीवर तसाच बसलेला. तेव्हा विचार करायला तुला हवा तेवढा वेळ घे. फक्त मधे त्याला जेवायला वाढ, आणि भात वाढ, चपातीनं त्याचं पोट भरत नाही. त्याला मी सांगितलं आहे की बाई नाही म्हणणार नाहीत. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आहे. आता त्याच्याकडे बघून तुला काय सांगायचं ते तू सांग.